एक जोडणी, अनेक खाती

‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ अन्वये अधिसूचित लोकसेवा विहित मुदतीत मिळणे हा पात्र नागरिकाचा हक्क ठरला आहे. यांपैकी अनेक सेवांसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्यासाठी इंटरनेटची जोडणी आणि अर्जदाराचे खाते या दोन्ही गोष्टी आवश्यक होत.

अर्जदाराकडे जोडणी नसल्यास शिक्षक वा पंचायत सदस्य आपल्या स्मार्टफोनवरून ती देऊ शकतात. फोनच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘हॉटस्पॉट’ सुरू केला, की जवळच्या फोनला वा संगणकाला वाय-फायद्वारे इंटरनेट मिळते. या जोडणीस किमान ८ अक्षरी पासवर्ड ठेवावा व काम संपताच ती बंद करावी. कारण वापरला जाणारा डेटा मूळ फोनधारकाच्याच पॅकमधून खर्च होतो.

खाते उघडताना अधिक दक्षता हवी. सोय म्हणून गावातील एकाच व्यक्तीचा मोबाईल क्रमांक अनेकांच्या खात्यांना जोडल्यास प्रत्येक ओटीपी त्या व्यक्तीकडेच जातो आणि अर्जदार आपल्याच दाखल्यासाठी परावलंबी होतो. म्हणून खाते अर्जदाराच्या स्वतःच्या क्रमांकावर उघडावे. स्वतःचा फोन नसल्यास कुटुंबातील विश्वासू व्यक्तीचा क्रमांक द्यावा. पासवर्ड व ओटीपी अर्जदारानेच भरावा, साहाय्य करणाऱ्यासही सांगू नये. दुसऱ्याचा फोन वापरल्यास शेवटी ‘लॉग आऊट’ करावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळवावे.

इंटरनेटची जोडणी शेजाऱ्यास देता येते. खात्याची किल्ली मात्र ज्याची त्यानेच जपावयाची असते.