काडी ओढण्याआधी

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की पंधरा-वीस दिवसांत नीरा, भीमा, कृष्णा, पंचगंगेच्या काठाने दुसऱ्याच आगी दिसायला लागतात. फड तुटतो, शेवटची गाडी काट्याकडे जाते आणि मालक बांधावर उभा राहून पाचटाला काडी लावतो. अर्ध्या तासात रान मोकळे होते. काम उरकल्याचे समाधान मिळते, म्हणूनच ही सवय सुटत नाही.

ही आग बहुतेक वेळा संध्याकाळी लावली जाते, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि जाळ शेजाऱ्याच्या उसात जात नाही. धुराच्या दृष्टीने मात्र दिवसातली हीच सर्वांत वाईट वेळ. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर निवते, गार हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. धूर वर न जाता गावावर पसरून सकाळपर्यंत तसाच तरंगत राहतो. त्यातले बारीक कण फुप्फुसांत खोलवर उतरतात. दम्याचा माणूस आणि तान्हे मूल यांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. फडाशेजारच्या कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना तर खिडकी लावून घेण्याचीही सोय नसते. हवा शुद्ध करण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केंद्राने निवडलेल्या शहरांत कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर आहेत. तिथल्या वाहनांचा आणि बांधकामांचा दोष आहेच, पण हंगामात भोवतालच्या शिवारांतला धूरही त्याच हवेत मिसळतो.

आता खिशाचा हिशेब. एकरी साधारण तीन ते चार टन वाळले पाचट निघते. एका टनात चार ते पाच किलो नत्र, दोन किलोच्या आतबाहेर स्फुरद, नऊ-दहा किलो पालाश आणि तीनशे किलोच्या आसपास सेंद्रिय कर्ब असतो. चार टन धरले, तर एकटे पालाशच म्युरेट ऑफ पोटॅशच्या एका गोणीतल्या पालाशाहून जास्त होते. जाळल्यावर नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळे हवेत जातात. पालाश राखेत काही प्रमाणात उरते, पण राख वाऱ्याने उडते, नाहीतर पहिल्या पाटपाण्याबरोबर वाहते. शिवाय जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू होरपळतात आणि राहून गेलेली ठिबकची लॅटरल वितळते ती वेगळीच.

पाचट जाळायचे की नाही, हे खरे तर फड तुटण्याआधीच ठरलेले असते, असे माझे मत आहे. सरी तीन फुटांची असेल तर पाचट ठेवायला जागा नसते. तेव्हा लागणीलाच साडेचार-पाच फुटांची सरी किंवा जोडओळ घ्यावी. तोडणी सुरू होण्याआधी मुकादमाशी स्पष्ट बोलून घ्यावे: ऊस जमिनीलगत तोडायचा आणि पाचटाचे ढीग न करता ते सरीत पसरत जायचे. हे तोडणीच्या ओघात झाले तर पुढची निम्मी मजुरी वाचते.

काही ठिकाणी उभा ऊसच पेटवून मग तोडतात. टोळी लवकर मिळते, पाला सोलावा लागत नाही. पण जळीत उसाचे वजन घटते, रस लवकर खराब होतो, कारखाना कपात लावतो आणि जनावरांचे वाढे हातचे जाते. टोळी मिळत नाही म्हणून माणूस अगतिक होतो, हे मला मान्य आहे. तरी तारीख जवळ आलेल्या पाच-सहा जणांनी मिळून एका टोळीशी किंवा हार्वेस्टरवाल्याशी बोलणी केली, तर ही वेळ बरीच टळते. हार्वेस्टरने तोडलेल्या फडात पाचटाचे तुकडे होऊन आपोआप पसरतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

फड तुटल्यावर आठवडाभरात पाचट सरीत दाबून बुडखे उघडे करावेत. बुडख्यावर पाचट राहिले तर फुटवे पिवळे आणि विरळ येतात. वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. मग एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर फेकावे. पाचटात कर्ब जास्त आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र ओढतात. युरिया द्यायचा तो त्यासाठी. पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन एकरी 4 किलो, चाळलेल्या शेणखतात मिसळून वेगळे टाकावे, रासायनिक खतात कालवू नये. लगेच पाणी द्यावे. ओल टिकली तर चार-पाच महिन्यांत पाचट हातात चुरगळते.

सरीत पाचट असल्याने बगला फोडता येत नाहीत, मग खोडव्याला खत कसे द्यायचे, असे हमखास विचारले जाते. त्याला पहार हा उत्तम उपाय आहे. बेटापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, फूटभराच्या अंतराने छिद्रे घेऊन खत द्यावे. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा 135 दिवसांनी. आच्छादनामुळे तण कमी उगवते, पाण्याची पाळी लांबते आणि उन्हाळ्यात कॅनॉलचे आवर्तन लांबले तरी खोडवा तग धरतो.

अडचणी नाहीत असे नाही. पाणी साचणाऱ्या भारी रानात पाचट जास्त काळ ओले राहते. तिथे ते एकाआड एक सरीत ठेवावे आणि पाणी मोकळ्या सरीतून द्यावे. उंदरांवर लक्ष ठेवावे लागते. वाळलेले पाचट पेट घेते, म्हणून रस्त्याकडेच्या आणि विजेच्या तारांखालच्या पट्ट्यात ते आधी भिजवावे, बिडी-काडी तिकडे नकोच.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये. अशा रानातही काडी लावायचे कारण नाही. ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने पाचट बारीक करावे, वरीलप्रमाणे युरिया, सुपर आणि संवर्धन टाकावे, रोटाव्हेटरने मातीत मिसळून एक पाणी द्यावे. यंत्र एकट्याला परवडत नसेल तर भाड्याने किंवा गटाने घ्यावे. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. ज्यांना रान तातडीने रिकामे हवे आहे त्यांनी बेलरवाल्याला बोलवावे. पाचटाच्या गाठी बॉयलरच्या इंधनासाठी विकत घेतल्या जातात. भाव मात्र गाठी बांधण्याआधी ठरवून घ्यावा.