यादी रोज अर्धीच का राहते?

प्रश्न : मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. पहाटे डबे, मग लोकल, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. रोज यादी करते, पण निम्मी कामं उरतातच. मीच कमी पडते का?

उत्तर : नाही ताई, यादीतच घोळ आहे. एखादं काम किती वेळात होईल, याचा आपला अंदाज बऱ्याचदा कमी निघतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना वाटलं होतं, प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल. लागले सुमारे 55. म्हणून आठवडाभर प्रत्येक कामापुढे आधी अंदाज आणि नंतर खरी वेळ लिहा. विजेचं बिल भरायला पाच मिनिटं धरली आणि वीस लागली, तर पुढच्या वेळी वीसच धरा. लोकलमधला वेळ कामासाठी मोजू नका. उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला डोळे मिटायचा हक्क आहे.

पण मला खरी काळजी डब्यांची वाटते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेली, तसं काम करणाऱ्या पुरुषांची 97. ही दरी कुठल्याही डायरीने बुजत नाही. तुमची आठवड्याची नोंद रविवारी घरच्यांसमोर ठेवा आणि कणीक मळणं, भाजी चिरणं, डबे भरणं यांतली दोन कामं कायमची दुसऱ्याच्या नावावर करा. ‘मदत’ म्हणून नको. मदत मागावी लागते, आठवण करून द्यावी लागते, आणि तेही तुमचंच काम होऊन बसतं. पहिले काही दिवस पोळ्या वाकड्या होतील. होऊ द्या.