निमंत्रण आणि निवड

अमेरिकेतील काही नामांकित विद्यापीठे गुणवंत उमेदवारांना दोन-तीन दिवस आपल्या आवारात पाहुणे म्हणून बोलावतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत असा मेळावा एप्रिलमध्ये भरतो; कारण 1 मे हा बहुधा होकार कळविण्याचा अखेरचा दिवस असतो. तेथे संस्थाच विद्यार्थ्याची मनधरणी करीत असते.

भारतात चित्र उलटे दिसते. लखनौच्या गोमती नगरातील एखाद्या विद्यार्थिनीला मुंबईतील मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे बोलावणे येते, ते दोन लेखी परीक्षांच्या चाळणीतून उतरल्यावरच. पुष्पक एक्सप्रेसने जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास करून ती तेथे पोहोचते. भौतिकशास्त्राच्या शिबिरास देशभरातून जेमतेम तीस-चाळीस मुले असतात. व्याख्याने, प्रयोग व कसोट्या मुक्कामभर चालू राहतात. पाहुणचार अंमळ कठोरच म्हणावयाचा! शेवटी पाच जण आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी निवडले जातात.

उरलेल्यांचे काय? शिबिर उन्हाळ्यात भरते आणि अभियांत्रिकीची मोठी प्रवेशपरीक्षाही त्याच सुमारास येते. त्यामुळे हे बोलावणे स्वीकारावे की नाही, याचा खल घरोघरी होत असे. तो निरर्थक नव्हता. 2025 च्या प्रवेशांपासून मात्र लखनौच्या शेजारच्या कानपूर आय. आय. टी.ने अशा शिबिरार्थींसाठी गणित, संगणकशास्त्र आदी काही विभागांचे वेगळे दार उघडले. तेथे संयुक्त प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारला जात नाही. विभागाची स्वतःची परीक्षा मात्र द्यावीच लागते, आणि जागा थोड्या आहेत.