मेंदूभोवतीच्या रक्तस्रावानंतरचे दोन आठवडे

मेंदूच्या रक्तवाहिनीवरील फुगा (अ‍ॅन्युरिझम) फुटून मेंदूभोवती रक्त पसरते, तेव्हा तो फुगा क्लिप लावून किंवा कॉइल भरून बंद करणे ही उपचारांची पहिली पायरी होय. ती यशस्वी होऊन रुग्ण बोलू लागला, की धोका टळला असे नातेवाइकांना वाटते व घरी नेण्याची विचारणा सुरू होते. आम्ही मात्र याच काळात अधिक सावध असतो.

सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून मोकळ्या होणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. हे आकुंचन साधारणतः तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. या काळात रक्तपुरवठा घटून मेंदूचा एखादा भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

प्रतिबंधासाठी निमोडिपिन हे औषध ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस दिले जाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत त्यामुळे मेंदूचा भाग निकामी होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. रक्तदाब उतरल्यास मात्रा विभागून ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी देता येते. झोपमोड नको म्हणून रात्रीची मात्रा चुकवणे मात्र योग्य नाही.

पूर्वी शरीरात जादा द्रव भरण्याची पद्धत होती. आता द्रवाचे प्रमाण समतोल राखण्यावर भर असतो. या रुग्णांत रक्तातील सोडियम अनेकदा घटते. त्यावर उपाय म्हणून पाणी तोडणे घातक ठरू शकते. फुगा सुरक्षित झाल्यानंतर आकुंचनाची लक्षणे दिसल्यास औषधांनी रक्तदाब वाढवला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर कॅथेटरद्वारे आकसलेल्या वाहिनीत औषध सोडतात किंवा बलूनने ती रुंद करतात.

या साऱ्या उपचारांना वेळेची मर्यादा आहे. डॉप्लर तपासणीने वाहिनीतील रक्ताचा वेग मोजता येतो. परंतु सुस्ती, बोलण्यातील अडखळ, हाताची पकड सैल होणे ही चिन्हे प्रथम खाटेपाशी असणाऱ्याच्याच ध्यानी येतात. म्हणून परिचारिका रुग्णास रात्रीही वारंवार जागे करतात. नातेवाइकांनी यास त्रास न मानता सहकार्य करावे, रुग्णात किंचितही बदल जाणवल्यास तत्काळ कळवावे आणि वैद्यकीय सल्ल्याविना रुग्णास घरी नेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.