जुना लॅपटॉप, विंडोज १० आणि रुसलेला पडदा

प्रश्न : माझ्या २०११ च्या लॅपटॉपमध्ये इंटेल एचडी ग्राफिक्स ३००० आहे. विंडोज १० टाकल्यापासून चित्र पसरट दिसतं, व्हिडिओ अडखळतात. ड्रायव्हर टाकायला गेलं की ‘ही प्रणाली चालत नाही’ असा संदेश येतो. लॅपटॉप टाकून द्यावा का?

उत्तर : मुळीच नको! या चिपसाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. पण तुम्हाला अडवतोय तो इन्स्टॉलर. विंडोजची आवृत्ती पाहून तो दार लावतो. आतला ड्रायव्हर बहुधा चालतो.

आधी रिस्टोअर पॉइंट करा. मग विंडोज अपडेट चालवून पाहा, पुष्कळदा तिथेच काम होतं. नाही झालं, तर इंटेलचा विंडोज ८ साठीचा ड्रायव्हर झिप स्वरूपात उतरवून ती झिप एका फोल्डरात उलगडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा, यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घ्या आणि ‘हॅव डिस्क’मधून त्या फोल्डरातली आयएनएफ फाइल दाखवा. लॅपटॉपमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्डही असेल, तर मात्र लॅपटॉप कंपनीचाच ड्रायव्हर वापरा.

कुणी ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करून अनोळखी ड्रायव्हर टाकायला सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात शिरतो.