घरातल्या कुत्र्याला परवाना कशाला?

प्रश्न : आमचा पमेरियन फ्लॅटबाहेर फारसा जात नाही. तरी रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना लागतोच का? परवा त्याने कामवाल्या मावशींना दात लावला, थोडं रक्तही आलं. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मावशींचं बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही. रक्त आलं असल्याने लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. आजच महापालिकेच्या रुग्णालयात न्या, खर्च तुमचा समजा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं ते वेगळं. तोवर लस थांबवायची नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता परवाना. पुणे महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी तो घ्यावाच लागतो आणि अर्जासोबत रेबीज लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो. ‘घरातच असतो’ ही सबब चालत नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग बूस्टर, पुढे दरवर्षी. मांजरांच्या नोंदणीचा निर्णयही महापालिकेने 2022 मध्ये घेतला. मांजरवाले हे सोयीस्कर विसरतात!

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना परस्पर दूर सोडून येऊ नका. 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडतात. पिसाळल्याचा संशय आला तर मात्र हात न लावता महापालिकेला लगेच कळवा.