अठरा इंची, पण हळू आवाजात

आमच्या कडा गावात अठरा इंची वूफर म्हटलं की लोकांना वरातीतला डीजेच आठवतो. घरात तो कशाला, हे मला भेटेल त्याने विचारलंय. मोठा वूफर मोठ्या आवाजासाठी नसतो, खोल आवाजासाठी असतो, एवढंच माझं म्हणणं. बाकीचं खोली आणि पेट्या यांच्या नादात शिकलो, ते असं:

१. आधी खोली मोजा, वूफर नंतर. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय पंधरा आणि स्लॅब दहा फुटांवर. गवंड्याला हे सोयीचं, बेसला नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट लांबीची लाट त्यांच्यामध्ये अडकून घुमते. पंधरा फुटांत ती ३७-३८ हर्ट्झची, दहा फुटांत ५६ची. रुंदी आणि उंची दोन्ही दहा, म्हणून ५६चा जोर दुहेरी. मग गाणं कुठलंही लावा, एकच ‘धुम्म’ ऐकू येतो आणि लोक वूफर बदलत बसतात. उन्हाळ्यात खोली चाळीस अंशांवर गेली की ध्वनीचा वेग ३५५ होतो आणि ५६चे ५८ होतात. कानाला फरक कळत नाही. पण थंडीतलं आणि मे महिन्यातलं मोजमाप जुळलं नाही तर माइकवर संशय घेऊ नका.

२. परदेशी सल्ला वाचताना घर कुणाचं आहे ते बघा. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे तक्ते. बेसला त्या थोड्या हलतात, थोडा बेस खातात, थोडा बाहेर सोडतात. आपली विटांची भिंत आणि सिमेंटचा स्लॅब फारसे हलत नाहीत. बेस बराचसा आतच राहतो, त्यामुळे कमी वॅटमध्ये भागतं, पण घुमणंही लांबतं. पत्र्याच्या खोलीत उलटं: बेस वरून निघून जातो आणि जाताना पत्रा वाजवतो. मला स्वतःला माळवदाची खोली सगळ्यांत आवडते. जाड भिंती, वर मातीचा थर, खडखड नाही. अँप्लिफायरवर माती गळते, त्यासाठी कापड टाकून ठेवायचं.

३. एक सप्तक खाली उतरायचं तर चौपट हवा हलवावी लागते. ४० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच २०ला हवा असेल, तर हा हिशेब चुकत नाही. त्यात २० हर्ट्झला आपला कानही मंद. सत्तर-ऐंशी डेसिबलच्या खाली त्याला तिथलं काही कळतच नाही. बारा इंचीच्या मानाने अठरा इंचीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून तो कमी हलून तेच काम करतो आणि साफ वाजतो. डीजेतला जुना वूफर मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो मैदानात जोरात वाजण्यासाठी घट्ट बांधलेला असतो. तिशीच्या खाली त्याचा जीव नाही.

४. पेटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आठ बाय चारच्या अठरा मिमी प्लायच्या एका शीटमधून दोन बाय दोनचे आठ तुकडे निघतात. सहांची पेटी, सातवा समोरची फळी दुहेरी करायला, आठव्याच्या पट्ट्या कापून आतून आडव्या-उभ्या आधाराला. आत सुमारे १९० लिटर जागा होते. आधार आणि वूफरचं मागचं अंग वजा केलं तरी बंद पेटीला पुरते. शिवाय अडीच फुटी दारातून ती आत जाते, हे महत्त्वाचं. आमच्या मिस्त्रींनी माप ऐकून विचारलं, “ह्यात ज्वारी किती पायली बसंल ओ?” सांध्यांना फेव्हिकॉल मात्र त्यांनी असा भरला, की हवा सुटायची सोय नाही.

५. पोर्टवाली पेटी कागदावर सरस. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली तिचं पेटंट मिळालं. तेवढ्याच ताकदीत ती खाली जास्त वाजते. पण पोर्ट म्हणजे चार-सहा इंचांचं बीळ आणि आपल्याकडे उंदीर आहेत. जाळी लावली तर जोराच्या बेसला हवा फुसफुसते. शिवाय इथली धूळ. मी बंद पेटीच्या बाजूचा.

६. जागा कानाने शोधा. सबवूफर तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, ओळखीची बेसची ओळ लावा आणि भिंतीकडेने रांगत जा. जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल, तिथे पेटी. घरच्यांना हसू द्या. कोपऱ्यात आवाज सगळ्यांत मोठा मिळतो, कारण खोलीची प्रत्येक घुमणारी लाट तिथे जोरात असते. म्हणूनच तो बहुतेकदा बेढब. रुंदीच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवली तर रुंदीतलं ५६ फारसं उठत नाही. स्लॅबचं उठतंच, पण दुहेरी मार जातो. आणि खुर्ची? खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे ३७ गायब. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे सगळंच फुगतं. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे या.

७. एका मोठ्या पेटीपेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन पेट्या बऱ्या. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये हे मोजून मांडलं. खर्च दुप्पट, हे खरं.

८. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला तर काळी एकमधल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे ६९ हर्ट्झ, पेटीतून येतो. त्यामुळे तंबोरा लावून फेजचं बटण फिरवा. ज्या बाजूला खर्ज भरेल ती बाजू बरोबर. सिनेमाच्या स्फोटांवर हे जमत नाही.

९. काहीच लावलेलं नसताना ‘हूं’ असा आवाज येत असेल तर तो विजेचा, ५० हर्ट्झ नाहीतर १००चा. आधी अर्थिंग बघा. टीव्ही, अँप्लिफायर आणि सबवूफर एकाच बोर्डावर घेतले की बहुतेक वेळा जातो. टीव्हीला डिशची केबल असेल तर ती काढून बघा.

१०. फोनवरून २० ते १०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत खोलीत फिरा. फडताळातली भांडी, खिडकीची काच, कॅलेंडरचा खिळा एकेक करून बोलू लागतात. त्यांना रबराचे तुकडे लावा. सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या फडताळाला आपण रबर लावू शकत नाही. पेटीखाली फोम घालूनही फार उपयोग होत नाही, कारण भिंत हवेनेच हलते. नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. दहाला मी सबवूफरची वायर काढतो आणि छोट्या स्पीकरवर भजन ऐकतो.